लेकीला न्हाऊ घालताना

माझी लेक सव्वीस वर्षं जगली. तिला बोलता येत नव्हतं. चालता येत नव्हतं, आधाराशिवाय बसता येत नव्हतं, हातात घास धरता येत नव्हता. तिला जाऊन आता दुसरा उन्हाळा लागला. लोक भेटले की म्हणतात, सुटली बिचारी. काही जण आणखी एक पाऊल पुढं टाकतात आणि म्हणतात, तुम्हीपण सुटलात. मी मान हलवते. वाईट बोलतात असं नाही, त्यांना दुसरं काही सुचत नाही. पण घरी आल्यावर ते शब्द पदराला कुसळं चिकटावीत तसे चिकटून राहतात. म्हणून हे लिहायला बसले.

माझं माहेर देगलूरच्या बाजूचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आजोबांच्या काळापासून आमचं घर ख्रिस्ती. गावात आमची चारच घरं, त्यामुळं रविवारची उपासना आमच्याच ओसरीवर व्हायची. सतरंजी अंथरण्याचं काम माझं. लग्न होऊन मी लातूरला आले. हे विजेच्या खात्यात लाईनमन. दिवसभर खांबावर असायचे आणि घरी आले की जमिनीवरच्या कुठल्याच गोष्टीबद्दल तक्रार नाही, असा माणूस.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी लेक झाली. बाळंतपण दोन दिवस अडलं होतं. ती जन्मली तेव्हा रडली नाही. बराच वेळ गेला, मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांनी देवाचे आभार मानले. आम्ही तिला घरात 'माय'च म्हणायचो. आमच्याकडं लहान पोरीला तसंच म्हणतात.

सात महिने झाले तरी तिची मान धरेना. अंगाला हात लावला की पाय काठीसारखे ताठ व्हायचे. नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिचे गुडघे वाकवून पाहिले, डोळ्यांपुढं किल्ल्यांचा जुडगा हलवला, मग आम्हाला समोर बसवून सांगितलं की जन्मताना मेंदूला हवा कमी पडली, जे गेलं ते आता परत येणार नाही.

"तिला ऐकू येतं. मायाही कळेल," ते म्हणाले. "बाकी सगळं तुम्हाला करावं लागेल."

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. मग म्हणाले, "ती आहे तोवर."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या मांडीवर झोपली होती. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरला बस थांबली तेव्हा हे खाली उतरले, केळी घेऊन आले, एक सोलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "खा. तुला तिला पाजायचं आहे."

मी केळं खाल्लं, पण डॉक्टरांचं बोलणं काही गिळलं नाही. मला वाटलं, डॉक्टर त्यांच्यापुरतं बोलले. देवाचं अजून कुठं ऐकलंय? लहानपणी वडिलांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं होतं, आंधळ्याला दिसलं, पांगळा अंथरूण उचलून घरी गेला. मग माझ्या लेकीचंच का होणार नाही? जिथं कुठं आजाऱ्यांसाठी प्रार्थनासभा असेल तिथं मी तिला घेऊन जाऊ लागले. उदगीर, मुखेड, नांदेड, एकदा तर पार हैदराबादपर्यंत. सुरुवातीला हेही सोबत यायचे. नंतर नंतर म्हणायचे, "तू जाऊन ये, मला ड्यूटी आहे." मला माहीत असायचं की ड्यूटी नाही.

ती पाच वर्षांची असताना देगलूरला मोठी सभा भरली. माझ्याच माहेरची बाजू, म्हणून सगळे नातलग आले होते. मांडवात कर्णे लावलेले, ढोलक, टाळ्या, माणसांची गर्दी. मोठ्या आवाजाची तिला फार भीती वाटायची. मी पदरानं तिचे कान झाकून बसले होते. बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकानं आजाऱ्यांना पुढं बोलावलं. मी तिला उचलून नेलं. त्यानं तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात दाबून धरला आणि कर्ण्यातून मोठ्यानं म्हणाला, "ऊठ!" ती घाबरून ताठ झाली आणि किंचाळायला लागली. तो पुन्हा म्हणाला. मग दोघा जणांनी तिला काखेत धरून उभं केलं. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकले. शेकडो माणसं बघत होती. ती किंचाळत होती आणि माझ्याकडं बघत होती.

मी तिला हिसकावून घेतलं. खाली उतरताना एक बाई माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, "इस्वास कमी पडला माय तुझा." टोचून नाही, मायेनंच म्हणाली. त्याच मायेनं ते आत शिरलं.

पुढची दोन वर्षं मी त्या वाक्यासोबत काढली. विश्वास वाढवायचा म्हणजे काय करायचं, ते मला कळेना. उपास केले. पहाटे उठून गुडघ्यावर बसले. आणि या सगळ्यात लेकीचं जे करायचं ते उरकून टाकायचे. सकाळी तिला न्हाणीत नेऊन भांडं विसळावं तसं विसळायचे. पाणी गार आहे की गरम, पाहायचे नाही. तिचे पाय ताठ झाले की मला राग यायचा, जणू ती मुद्दाम करते. माझ्या डोक्यात एकच, ही बरी झाली की हे संपेल. म्हणजे त्या सगळ्या सकाळी माझ्या लेखी जगायच्या नव्हत्याच, नुसत्या मागं टाकायच्या होत्या.

एक दिवस मी तिला मारलं. हे मी आजवर कागदावर लिहिलं नव्हतं. साबण तिच्या डोळ्यांत गेला, तिनं झटका दिला, तिचं डोकं माझ्या ओठावर आदळलं आणि रक्त आलं. मी तिच्या ओल्या गालावर चापट मारली. जोरात. तिला लगेच रडायलाही आलं नाही. तिचं सगळंच उशिरा व्हायचं. ती नुसती बघत राहिली, मग हळूहळू खालचा ओठ बाहेर आला. मी तिला तशीच ओली उराशी धरून न्हाणीच्या फरशीवर बसून राहिले. हे कामावर गेले होते. घरात कोणी नव्हतं. त्या दिवशी मी प्रार्थना केली नाही. तोंडच नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीतली एक म्हातारी मावशी घरी आली. मूळची मुखेडकडची, विधवा, सत्तरीला आलेली. गुरुवारी गुरुवारी ती पायी फिरून मंडळीतल्या घरांत प्रार्थना घ्यायची. बोलणं पार खेड्यातलं. शिकलेली नव्हती, शास्त्र दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ केलेलं. मी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटले.

मावशी म्हणाली, "डोळे कामून मिटून राहिलीस? लेकराची आंगूळ झाली का?"

"नाही अजून."

"मग चल."

तिनं लुगड्याचा ओचा वर खोचला, न्हाणीत बंबातलं पाणी घंगाळात काढलं, कोपर बुडवून बघितलं, थोडं गार पाणी मिसळलं. पाटावर बसून तिनं माझ्या लेकीला मांडीवर आडवं घेतलं. एवढी सात वर्षांची पोर त्या सुकलेल्या मांडीवर कशी मावली कोण जाणे. आधी तिनं पायांवर पाणी घातलं, थेंब थेंब. पाय ताठ होते. मावशीनं ओढले नाहीत. एका हातानं गुडघ्याखाली आधार दिला आणि दुसऱ्या हातानं पाणी घालत राहिली. गाणं नाही, काही नाही, नुसती वाट बघत राहिली. आणि मग ते गुडघे आपोआप सैल झाले. सात वर्षांत मला ते कधी जमलं नव्हतं, कारण मी कधी तेवढा वेळ दिलाच नव्हता.

मग तिनं एकेक अवयव धुवायला घेतला. हात धुताना म्हणाली, "देवा, हे हात तुझे. मी धुऊन राहिले." पाठ धुताना म्हणाली, "देवा, ही पाठ तुझी." मान, कान, केस. प्रत्येकाचं नाव घेऊन तेवढंच. शेवटी तिनं तांब्या उंच धरून पाठीवर पाण्याची धार सोडली आणि माझी लेक हसली. घशातून खदखद येणारं हसू. मी ते पहिल्यांदा ऐकलं.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. "मावशी," मी म्हणाले, "बरं व्हावं म्हणून तरी मागा की."

ती पोरीचं अंग पुसत होती. "मागितलं की लई जणांनी," ती म्हणाली. "तूबी माग. म्या कुठं न्हाई म्हन्ते? पन ती बरी होईस्तोवर तिची आंगूळ थांबवायची हाय का?"

मग मी तिला चापटीचं सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं. रागावली नाही, समजूतही काढली नाही. म्हणाली, "तिला सांगितलंस का, चुकलं म्हून? मग आधी तिला सांग. मग देवाला." आणि चहा न घेता पुढच्या घरी गेली.

त्यानंतर ती आणखी तीनदा आली, दरवेळी अंघोळीच्याच वेळेला. उचलताना कमरेऐवजी गुडघ्यांवर जोर कसा घ्यायचा, ते तिनं मला शिकवलं. चौथ्या वेळी दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आता तू घाल. म्या बगते."

एका दिवसात माझं मन पालटलं असं सांगितलं तर खोटं होईल. महिने गेले. पण सकाळ बदलली. सहाला बंब पेटवायचा. तो तापेपर्यंत ह्यांचा डबा. मग हे तिला उचलून न्हाणीत आणायचे. मी एकेका अवयवाचं नाव घ्यायचे आणि धुवायचे. माझी लांबलचक प्रार्थना आटत आटत तेवढीच उरली. कित्येक दिवस मनात काहीच नसायचं, विश्वास नाही की अविश्वास नाही. नुसता हात चालायचा आणि तोंड बोलायचं. तरी पाणी गरम असायचं आणि तिचे गुडघे सैल व्हायचे. प्रभूनं जेवणावरून उठून, कमरेला रुमाल गुंडाळून माणसांचे पाय धुतले, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते मला आता हातांत कळायला लागलं. त्या वेळी त्यानं कुणाला बरं केलं नव्हतं, नुसते पाय धुतले होते.

ह्यांनी हे सगळं दारातून पाहिलं होतं. एका रविवारी हे दिवसभर अंगणात ठोकाठोक करत बसले. संध्याकाळी पाहिलं तर लोखंडी पाइपाची एक तिरकी चौकट, तिला बाजेची नवार घट्ट विणलेली, खाली रबराचे पाय. "हिला यावर निजव," म्हणाले. "तुझी कंबर राहील आणि पाणीही खाली निघून जाईल." पुढच्या रविवारी हे आमच्यासोबत उपासनेला आले. देगलूरच्या सभेनंतर ह्यांनी उपासनेला येणंच सोडलं होतं.

तिच्या आवडीनिवडी मला तेव्हा कळायला लागल्या. खोबरेल तेल आवडायचं, मोहरीचं नाही. वेणी घालताना डाव्या बाजूला ओढलं की ती भुवया चढवायची. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आवडायची, बिस्किटाचा चोथा नाही. अंघोळ, तेल, वेणी झाली की तिला दारातल्या खुर्चीत पट्ट्यानं बांधून बसवायचं. भाजीची गाडी, शाळेत जाणारी पोरं, कुत्री, सगळ्यांकडं ती बघायची. समोरून कोणी "काय माय, झाली का आंगूळ?" म्हणालं की सगळं अंग हलवून हसायची. शेजारच्या अक्का तर रोजच विचारायच्या.

या अक्का आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. बौद्ध कुटुंब. त्यांचे मालक शिरूर अनंतपाळला तहसीलमध्ये नोकरीला, त्यामुळं आठवडाभर त्या एकट्याच. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती, आमच्या घरात क्रूस. पौर्णिमेची खीर इकडं यायची आणि नाताळच्या करंज्या तिकडं जायच्या. देवाविषयी आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

लातूरचा तो दुष्काळ सगळ्यांना आठवतो. नळाला पाणी यायचं बंद झालं. टँकर आला की गल्लीभर घागरींची रांग. माणसं भांड्यांना कुलूप लावायची. माझी लेक तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती. अंगावरच सगळं व्हायचं, तिला न धुऊन भागणार नव्हतं. रांगेत एक जण सरळ म्हणाला, "कशाला रोज पाणी वाया घालता? ओल्या फडक्यानं पुसायचं." मी माझी घागर पुढं सरकवली. मी आणि ह्यांनी अंघोळ सोडलीच होती, आठवड्यातून एकदा, तीही तांब्याभर. तरी तिच्यापुरतं पुरेना. तिच्या पाठीवर पुरळ उठलं.

एका सकाळी दार उघडलं तर ओट्यावर भरलेली कळशी. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी दबा धरून बसले आणि अक्कांना पकडलं.

"अक्का, तुमच्याच घरात पाणी नाही. न्या ते."

अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझी भांडी म्या राखेनं घासून राहिले. पोरीचं आंग राखेनं घासू का? ठेव गप."

पाऊस पडेपर्यंत ती कळशी रोज आली. मी तेव्हा पाठ धुताना देवाचं नाव घ्यायचे आणि मनातल्या मनात अक्कांचंही. दोन्ही एकाच श्वासात यायचं.

लेक वाढत होती आणि आम्ही थकत होतो. तिचं वजन वाढलं. ह्यांचा खांदा एकदा तारेच्या झटक्यानं पडून निखळलेला होता, तो उचलताना दुखायचा. मला गुडघ्यांचा त्रास सुरू झाला. तिची पाळी, तिचे आकडीचे झटके, तिचं कफानं घुसमटणं. या सगळ्यापेक्षा मोठी एकच गोष्ट होती, आमच्या मागं काय? तिला बहीण नाही, भाऊ नाही. नातलगांत असा कोण, जो सकाळी सहाला उठून बंब पेटवेल, कोपर बुडवून पाणी बघेल?

मी एक प्रार्थना करू लागले. ती मी कुणाला सांगितली नाही. अंघोळ घालताना कधीच करत नसे, तिच्या अंगाला हात लावून ते मागण्याची मला लाज वाटायची. भाकरी थापताना करायचे, तव्याकडं बघत. देवा, आमच्या आधी हिला ने.

देवानं ते ऐकलं.

श्रावणात तिला ताप आला. भरवताना घास श्वासात गेला असावा. छातीत कफ झाला. आठ दिवस दवाखान्यात होतो. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या, मला सकाळी तिचं अंग पुसू द्यायच्या. नाकाला नळी, हाताला सुई, तरी पाठीला कोमट फडकं लागलं की तिच्या भुवया सैल व्हायच्या. आठव्या दिवशी दुपारी हे खाली चहा आणायला गेले होते. मी तिच्या केसांतून बोटं फिरवत होते. तिनं एक श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. तिचं सगळंच उशिरा व्हायचं, म्हणून मी थांबले. वाटलं, येईल. बराच वेळ थांबले.

घरी आणल्यावर मंडळीतल्या बाया जमल्या. म्हणाल्या, "तू बस. आम्ही न्हाऊ घालतो." मी म्हणाले, "नाही. ते माझं काम आहे." अक्का काही न विचारता घंगाळ भरून घेऊन आल्या आणि तांब्या धरून बसल्या. आम्ही तिला ह्यांनी केलेल्या चौकटीवर निजवलं. मी कोपर बुडवून पाणी पाहिलं. सवयच ती. केस, कान, मान. देवा, हे हात तुझे. देवा, ही पाठ तुझी. मी म्हणत गेले आणि अक्का पाणी घालत गेल्या. पाय आले. तिचे पाय आता ताठ नव्हते. जन्मापासून जे मी गरम पाण्यानं रोज सैल करत आले ते आता आपले आपण सैल पडले होते. माझं तोंड उघडेना. हात तसाच तिच्या घोट्यावर राहिला.

अक्का वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्हन की माय. पायाचं ऱ्हायलं."

भिंतीपलीकडून एवढी वर्षं त्या ऐकत होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले. कसं म्हणाले, आठवत नाही.

तिला पांढरा झगा घातला. मंडळीतल्या चौघांनी उचललं. ह्यांनी खांदा दिला, तोच दुखरा खांदा.

पुढचे महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. हात सहाला उठायचे. मी दोनदा बंब पेटवला, पाणी तापलं, आणि मग ते गार होईपर्यंत बघत बसले. उपासनेला गेले तरी डोळे मिटता येत नव्हते. सव्वीस वर्षांत देवानं माझं एकच मागणं ऐकलं होतं आणि ते हे. बरी कर म्हणून इतक्या ठिकाणी मागितलं, तेव्हा गप्प राहिला, आणि तव्याजवळ पुटपुटलेलं तेवढं ऐकलं. असा कसा देव? मला वाटायचं, मीच तिला मारलं. चापट मारली होती तसंच.

हे तोवर निवृत्त झाले होते. दुपारी दोघं जेवायला बसलो होतो. दोघांना एकदम, गरम गरम जेवायला मिळणं आमच्या संसारात नवीन होतं आणि ते आम्हाला गोड लागत नव्हतं. मी एकदम म्हणाले, "अहो, मी मागितलं होतं. आपल्या आधी तिला ने म्हणून."

ह्यांचा घास हातातच राहिला. ताटाकडं बघत म्हणाले, "मीपण तेच मागत होतो. खांबावर चढलो की मागायचो. तिथं कुणाला ऐकू जात नाही."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मग दोघंही रडलो. ती गेल्यानंतर एकत्र रडलो ते त्या दिवशी. भाकरी गार झाली. नंतर ह्यांनी उठून ती तव्यावर टाकून पुन्हा गरम केली, माझ्या ताटात वाढली. माझा अपराध त्यानं पुसला गेला असं म्हणणार नाही. पण त्याला दोन टोकं झाली आणि दुसरं टोक ह्यांनी धरलं.

काही दिवसांनी अक्का आल्या. "शाळेत पोरांची खिचडी शिजवायला बाई पायजे," म्हणाल्या. "येतीस का?"

"नको अक्का. पोरांकडं बघवणार नाही मला."

"पोराकडं बगू नको. पातेल्याकडं बग."

मी गेले. गेल्या जूनपासून जाते. सकाळी उठून ह्यांना चहा देते, आणि मग शाळेच्या मागच्या खोलीत मी आणि आणखी एक बाई, तांदूळ निवडायचा, डाळ धुवायची, कांदे चिरायचे. पहिले काही दिवस कांद्याचं निमित्त फार कामी आलं. पोरं जेवायला येतात तेव्हा एवढा कल्ला करतात की माझ्या मनात पहिला विचार येतो, माय घाबरेल. मग आठवतं. रोज आठवतं. तरी हात थांबत नाही, कारण ताटल्या घेऊन रांग उभी असते. मी पातेल्यातून वाढताना मनात म्हणते, देवा, हे तुझं पोर, आणि डाव पुढच्या ताटलीकडं जातो. कधी कधी चाळीस-पन्नास ताटल्यांपर्यंत म्हणत राहते, कधी दुसऱ्याच ताटलीला विसरते. एखाद्या दिवशी मटकी मऊ शिजते, मीठ बरोबर पडतं, पोरं पुन्हा मागायला येतात आणि माझ्या लक्षात येतं की मागचा अर्धा तास मी खुशीत होते. तसं लक्षात आलं की आधी चोरी केल्यासारखं वाटायचं. आता कमी वाटतं.

रविवारी शाळा नसते. तो दिवस अजून जड जातो. उपासनेला गेलो की बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसायची माझी जागा ठरलेली आहे. शेजारी तिला निजवण्यापुरती जागा लोक अजून मोकळी सोडतात. कुणी कुणाला सांगितलेलं नाही, पण तिथं कोणी बसत नाही. परवा गर्दी होती. एक नवी बाई, कडेवर मूल, जागा शोधत उभी होती. मी सतरंजीवरून हात फिरवला आणि तिला म्हटलं, "इथं बस माय. रिकामीच आहे."

ती बसली. उपासना सुरू झाली. मला त्या दिवशी एकही गीत म्हणता आलं नाही. हे पुरुषांच्या बाजूनं वळून वळून बघत होते.